गाऱ्हाण्याचा क्रम

माघी अमावास्येला खाडी सगळ्यांत वर चढते.
आदल्या संध्याकाळी आम्ही
बांधावरच्या राखणदाराला रोट देतो,
करवंटीभर सोरो आणि एक विडी.
विडी पेटवूनच द्यायची असते.
‘दगड ओढत नाही, पण विझूही देत नाही,’
सगुणमामा म्हणायचा,
आणि वारा बघून खांद्याआड काडी ओढायचा.

गाऱ्हाणं त्याचं. बेचाळीस वर्षं.
मानशीजवळच्या कायतानपासून
चढावरच्या म्हाताऱ्या शाबीपर्यंत.
एक घर चुकलं नाही कधी.
कुणाचं दुखणं, कुणाचा कुळागराचा खटला,
कुणाची म्हैस.
तो सांगायचा,
आम्ही म्हणायचो: व्हय म्हाराजा.
कायतानच्या पोराला ताप आहे
हे दगडाला कशाला सांगायचं, मला कळत नसे.
सकाळी शाबीची पेज
चढ उतरून त्यांच्या दारात पोचलेली असे.

मग मामाला अर्धांग झालं.
पहिल्या वर्षी बांधावर कुणी गेलं नाही.
दुसऱ्या वर्षी पंचायतीनं टेंडर काढलं.
तिसऱ्या वर्षी मानशीची फळी कुजलेली
आम्ही सगळ्यांनी पाहिली, जाता-येता,
आणि प्रत्येकाला वाटलं,
दुसऱ्यानं सांगितलं असेल.
एका रात्रीत खारं पाणी आत आलं.
सकाळी भाताच्या लोंब्यांतून
काळुंदरं पोहत होती.

मी वीजखात्यात, मीटर वाचते.
‘तूच म्हण,’ म्हणाले, ‘तुला घरं पाठ.’
‘बाईमाणसानं?’ कुष्टो गावकर म्हणाला,
आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही.
म्हणजे माझ्या बाजूनंही कुणी बोललं नाही.

विडी तिसऱ्या काडीला पेटली.
बा देवा म्हाराजा,
मानशीजवळचं कायतानचं घर. कुलूप आहे.
तापातला तो पोरगा आता स्विंडनला,
आईला घेऊन गेला.
वाचन शून्य. घर राख.

कुणी काहीच म्हणेना.
तीन वर्षांत तोंडाला सवय राहिली नव्हती.
बांधाखाली पाणी चुळबुळत होतं.
मग उचलून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीतून,
अर्ध्या तोंडानं, लाळेसकट:
व्ह...
उरलेलं सगळ्यांनी मिळून म्हटलं.
कुष्टोनंही.

मग मी थांबले नाही.
शेवंतीचं घर, मोटर रात्रभर चालते,
विहिरीला पाणी दे. व्हय म्हाराजा.
नव्या इमारतीतले सोळा मीटर,
मला नावं माहीत नाहीत, नुसते आकडे,
त्यांनाही राख. व्हय म्हाराजा.
(मागे कुत्रा धरून एक मुलगी उभी होती,
तिचं ‘व्हय’ सगळ्यांच्या नंतर आलं.)
भाड्याच्या खोल्यांतली गदगची हणमव्वा,
झारखंडचा सुकरा, यंदा बांधाचा चिखल
आमच्यापेक्षा जास्त त्यानंच वाहिला.
सुकरानं स्वतःच्याच नावाला व्हय म्हटलं.
लोक हसले, मग त्यांनीही म्हटलं.

रात्री पाय धुताना आठवलं.
पिएदाद.
तिची वीज डिसेंबरात तोडली,
म्हणून ती माझ्या यादीत नव्हती.
लाइनमनबरोबर मीच गेले होते.
शिडी डुगडुगत होती, ती तिनंच धरली होती.
आज बांधावर ती डबाभर उकडलेले चणे घेऊन आली,
सगळ्यांच्या घराला व्हय म्हणाली,
रिकामा डबा घेऊन गेली.

टॉर्च घेऊन निघाले.
तिच्या खुरसाजवळची मेणबत्ती अजून जळत होती.
कुत्रं भुंकलं. आतून आवाज आला,
‘कोण तें?’
माफी वगैरे मला सुचली नाही.
दारातच उभी राहिले आणि सुरू केलं,
बा देवा म्हाराजा, पिएदादचं घर...

व्हय म्हणायला
तिच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं.